रिकाम्या दोन ओळी

कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरले की ते आधी गॅसपाशी वाकायचे. बटण हळूहळू फिरवत ज्योत बारीक करायचे आणि ती विझायच्या बेतात आली की हात थांबवायचे. "फुल जोरात कोणीही पेटवेल, बाई. बारीक करून टिकवून दाखवा."

आमची कामवाली सुनीता म्हणायची, "आजी, गॅसवाले काका आले. आता चहा संध्याकाळपर्यंत होत नाय."

मुलांनो, तुम्हीही त्यांना पाहिलं आहे. आमच्या नेरूळच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर राहायचे, शर्टाच्या खिशात कायम दोन पेन्सिली. महाप्याच्या एका छोट्या कंपनीत ते रॉकेटची, द्रव इंधनावर चालणारी इंजिनं तपासत. यान अलगद उतरवायचं तर इंजिनाचा जोर शंभर टक्क्यांवरून पार वीसपर्यंत खाली आणता यायला हवा, हे त्यांनीच मला समजावलं. जोर कमी केला की इंधन आत ढकलणारा दाब पडतो, ज्वाळा फडफडते आणि अख्खं इंजिन हादरायला लागतं. म्हणून एकेक टप्पा उतरायचा, तिथे थांबायचं, काय झालं ते लिहायचं.

ते इंग्रजीत लिहिलेलं तपासायला माझ्याकडे यायचं. मी शाळेत इंग्रजी शिकवलेलं. "इंजिन समजतं हो, पण हा 'द' कुठे घालायचा ते काही समजत नाही," म्हणायचे.

एका अहवालातल्या तक्त्यात दोन ओळी रिकाम्या होत्या, चाळीस टक्के आणि तीस टक्के. मला रिकामी जागा बघवत नाही. मी त्या काढून टाकल्या. वर पन्नास, खाली वीस. तक्ता नीटनेटका दिसायला लागला. त्यांनी न वाचता सही केली. "तुमच्या हातून आलंय म्हणजे झालं."

काही आठवड्यांनी ते फाइल घेऊन आले. चहा नको म्हणाले.

"इथे दोन ओळी होत्या, बाई."

"रिकाम्या होत्या की हो."

"रिकाम्याच ठेवायच्या होत्या. तिथे आम्ही थांबलोच नव्हतो. हादरे बसायला लागले म्हणून झटकन खाली नेलं होतं."

दुसऱ्या तुकडीने तो तक्ता पाहून, पन्नास आणि वीस ठीक म्हणजे मधलंही ठीक असं समजून, इंजिन पस्तीस टक्क्यांवर धरून ठेवलं होतं. ते फुटलं. माणसं लांब होती, कुणाला लागलं नाही.

"मी येते तुमच्या ऑफिसात. सांगते त्यांना," मी म्हटलं.

"सही माझी आहे. तुम्ही भाषा बघितलीत. आकडे मी बघायचे होते."

चार दिवसांनी कंपनीला द्यायचा खुलासा त्यांनी लिहून आणला, तोही तपासायला. एक पान. 'शेवटची प्रत मी वाचली नाही, चूक सर्वस्वी माझी,' एवढंच. माझा उल्लेख कुठेच नव्हता. लाल पेन माझ्या हातात होतं. खाली एक वाक्य मावेल इतकी जागाही होती. ते समोर बसून खिडकीबाहेर बघत होते. मी तीन ठिकाणी 'द' घातला, एक स्पेलिंग सुधारलं आणि कागद परत दिला.

त्यांना कामावरून कमी केलं. ते सांगलीला बहिणीकडे गेले आणि वर्षभरात तिथेच वारले. बहिणीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. बोलणं झाल्यावर उरलेली निवडली.

तो खुलासा त्या कंपनीच्या फायलीत असेल. त्याच्या इंग्रजीत एकही चूक नाही.