मेलेला कप्तान आणि लामियातचा नवस

सूर्य नुकताच बुडालेला. भात कापून झालेल्या शेतात दोन बांबूंच्या मध्ये पांढरा पडदा ताणलेला. समोर चिंचेखाली पू ताचे, म्हणजे गावाच्या मूळ आजोबांचे, खांबांवर उभे लाकडी घरकुल. पुढच्या रांगेतल्या लाल खुर्च्या रिकाम्या, कारण त्या आजोबांच्या आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या न दिसणाऱ्या मंडळींच्या. जिवंत माणसे मागे चटयांवर. पडद्यावर एक अंतराळयान सूर्यात पडून खाक झाले, रडवे संगीत वाजले, नावे वर सरकू लागली. आणि त्या नावांच्या मधोमध एका रुंद बाईची सावली उभी राहिली. हातात लाकडी बत्ता.

"थांबव रे ते!" ती ओरडली. "हा माझा सिनेमा नाही!"

माझी हयात मोलामच्या गाण्या-नाटकांत गेली. राजा झालो, राक्षस झालो, एकदा तर नायिका आजारी पडली म्हणून राजकन्याही झालो. पण असा प्रवेश मला कधी साधला नाही.

तिचे नाव लामियात. सारे गाव तिला पा लामियात म्हणते, पा म्हणजे मावशी. बाजाराच्या तिठ्यावर ती सोम तम विकते, कच्च्या पपईची कुटलेली तिखट कोशिंबीर. थायलंडच्या ईशान्येला, आमच्या रोई एतच्या बाजूला, अशा बायका पावलोपावली आहेत. पण अंतराळयानांवर वाद घालत पपई कुटणारी ही एकच. तिच्या मते भुताचे सिनेमे म्हणजे फुकटचा आरडाओरडा, तलवारीचे म्हणजे कपड्यांची नासाडी. पाहावेत तर विज्ञानाचे. शाळेचे मास्तर एकदा सहज म्हणाले, "पा, मला बुवा भुताचे आवडतात," तर त्यांच्या खलात इतक्या मिरच्या पडल्या की मास्तरांना दुपारी वर्गात फळ्यावर लिहूनच शिकवावे लागले.

तिचे लाडके सिनेमे तीन. तिसऱ्या क्रमांकावर, समुद्रातून आलेला राक्षसी खेकडा शहर तुडवतो तो. तो तिला आवडतो आणि त्यावर तिचा रागही आहे. "एवढा मोठा खेकडा," ती बत्ता उगारून म्हणते, "आणि सैन्य त्याच्यावर बॉम्ब टाकतंय! अरे, मीठ लावायचं कुणाला सुचत नाही? अख्ख्या प्रांताला वर्षभर पुरला असता!" दुसऱ्या क्रमांकावर लोखंडी बाई, जिला एक म्हातारा शास्त्रज्ञ रडायला शिकवतो. "त्याला त्यासाठी पूर्ण सिनेमा लागला. माझ्याकडे धाडली असती तर एका ताटलीत शिकवलं असतं."

पहिल्या क्रमांकावर कप्तान. त्याच्याबद्दल मात्र ती थट्टा करत नाही.

तो सिनेमा आमच्या गावात लागला तेव्हा लामियात परकर सावरत पळणारी पोरगी होती. गावोगाव पडदा लावून सिनेमे दाखवायचे ते दिवस. सिनेमाला स्वतःचा आवाज नसे. यंत्राशेजारी माईक घेऊन मी बसायचो आणि नायक, खलनायक, नायिकेची आई, कुत्रा, सगळ्यांचे आवाज मीच काढायचो. यंत्र चालवायला बुनसोंग. माणूस सोन्यासारखा, पण तांदळाची दारू पोटात गेली की त्याला एक आणि दोन सारखेच दिसत. त्या संध्याकाळी त्याने शेवटचे रीळ आधी लावले आणि त्याच्या आधीचे नंतर.

झाले असे की कप्तान सूर्यात जळून मेला, बायका रडल्या, नाके पुसली, आणि पुढच्या क्षणी तोच कप्तान यानातल्या टेबलाशी बसून चमच्याने जेवू लागला. चटयांवर कुजबुज सुरू झाली. सगळ्यांची डोकी माझ्याकडे वळली. मी माईक तोंडाशी धरला आणि कप्तानाच्या भारदस्त आवाजात म्हणालो, "मेलो होतो रे, पण भूक लागली म्हणून परत आलो. चिकट भात उरलाय का?"

लोक आडवे पडून हसले. पुढे कप्तानाने खिडकीतून ताऱ्यांकडे बघितले, हसला, आणि रीळ संपले. कप्तान जिवंत, सिनेमा समाप्त. बुनसोंग तोवर यंत्राला टेकून घोरत होता.

तेव्हापासून लामियातच्या हिशेबात तो जगातला सर्वांत खोल विज्ञानपट. काळ उलटा फिरवणारा. खरे काय झाले ते तिला सांगण्याची हिंमत कुणाची? कोशिंबीर तर रोज खायची असते.

आता नवसाचे. गेल्या पावसाळ्यात तिच्या मुलीला, ओराथाईला, दिवस भरायच्या फार आधी मुलगी झाली. तळहातावर मावेल एवढी. जिल्ह्याच्या दवाखान्यात त्या जिवाला नळ्या लावून काचेच्या पेटीत ठेवले. लामियात त्या पेटीसमोर उभी राहायची आणि नर्सना सांगायची, "लांबच्या ग्रहावर जाणारी माणसं अशीच झोपवतात. काही काळजी नको." मग एका संध्याकाळी डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाला, "मनाची तयारी ठेवा." ती घरी न जाता थेट चिंचेखाली आली आणि पू ताला नवस बोलली: पोर काचेतून बाहेर येऊ दे, मला सगळ्यांत आवडणारा सिनेमा तुला दाखवीन.

पोर बाहेर आली. आता तिला दोन हनुवट्या आहेत.

पण नवस बोलावा तसाच फेडावा लागतो. कमी पडला तर आजोबा दिलेले परत नेतात, हे आमच्याकडे लहान मूलही जाणते. लामियातला तर पोर नुसती शिंकली तरी आजोबांनी आठवण केल्यासारखे वाटे. म्हणून तिने शेजारच्या गावच्या आनोनला गाठले. पडदा, कर्णे आणि पेटीत साठवलेले हजार सिनेमे गाडीत घालून फिरणारा माणूस तो. कप्तानाचा सिनेमा त्याला सापडला. धड, शहाणा, रिळे जागच्या जागी असलेला.

आणि म्हणून ती बत्ता घेऊन पडद्यासमोर उभी होती.

"पा, सिनेमा हाच आहे," आनोन काकुळतीला आला. "नाव बघ, कप्तान बघ."

"माझा कप्तान परत येतो!"

"अगं, जळून राख झाल्यावर कसा येईल?"

"ते तुला कळलं असतं तर तूच विज्ञानाचे सिनेमे काढले असतेस. कुणी कापला माझा सिनेमा?"

पू ताचा पुजारी, ज्याला आम्ही चाम म्हणतो, उकडलेली कोंबडी हातात धरून तिष्ठत होता. कोंबडीच्या जबड्याची हाडे सोडवून पाहायची आणि आजोबा प्रसन्न आहेत की नाहीत ते सांगायचे, हे त्याचे काम. "लामियात, असाच संपवायचा असेल तर मी हाडं बघतो बाई," तो म्हणाला. "पण वाकडी निघाली तर माझ्यावर ओरडायचं नाही."

मागे ओराथाईने पोरीला छातीशी घट्ट धरले. लामियातने तिकडे एकदा पाहिले. हातातला बत्ता खाली आला. इतक्या वर्षांत तिला मी भ्यालेली पहिल्यांदा पाहिली.

मी उठलो. गुडघ्यांनी टाळ्या वाजवल्या. "आनोन," म्हटले, "कप्तान जेवतो ती जागा आहे ना मधे? ती परत लाव. तिथून खिडकीपर्यंत. आवाज बंद कर आणि माईक माझ्याकडे दे."

"खामपान काका, ते मागे गेल्यासारखं होईल."

"होऊ दे. आजोबांना घाई नाही."

कर्णे गप्प झाले. कप्तान टेबलाशी बसला. चमचा उचलला. मी घसा खाकरला, दातांची कवळी जिभेने घट्ट बसवली आणि सगळा जुना भारदस्तपणा गोळा करून म्हणालो, "मेलो होतो रे, पण परत आलो!"

"भूक!" लामियात कडाडली. "भूक राहिली, पी! भुकेशिवाय कोण परत येतं?" आमच्याकडे थोरल्याला पी म्हणतात, पण तिने तो शब्द चापट मारल्यासारखा वापरला. मग तिने माझ्या हातातला माईकच ओढला आणि माझ्याहून भारदस्त आवाजात रिकाम्या लाल खुर्च्यांना सांगितले, "मेलो होतो रे, पण भूक लागली म्हणून परत आलो. चिकट भात उरलाय का?"

चटया हसल्या. त्या गलक्याने पोर जागी झाली आणि भुकेने गाव गोळा होईल असे रडू लागली. गाव गोळा झालेलेच होते, म्हणून आणखी हसले. कप्तान खिडकीशी गेला, ताऱ्यांकडे बघून हसला, आणि आनोनने तिथे चित्र थांबवले.

चामने कोंबडीचा जबडा सोडवला. दिव्याजवळ धरला, उलटा केला, उगाच भुवया चढवल्या. माझ्यासारखाच नट तो. "सरळ," तो म्हणाला. "दोन्ही बाजूंनी सरळ."

 लामियातने टोपलीतून तांदळाच्या दारूच्या दोन बाटल्या काढल्या आणि पू ताच्या पायरीवर ठेवल्या.

"हे नवसात नव्हतं," चाम म्हणाला. "तू फक्त सिनेमा बोलली होतीस."

"आमचं वेगळं बोलणं झालेलं आहे," ती म्हणाली.

माणसे चटया गुंडाळू लागली. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. जवळपास कुणी नाही असे पाहून विचारले, "लामियात, खरं सांग. त्या दिवशी बुनसोंगची रिळं चुकली होती, हे तुला कधीच कळलं नाही?"

तिने माझ्याकडे पाहिले. कच्च्या पपईला नखाने टोचून पाहते, तशी.

"यंत्राशेजारीच बसले होते मी, त्याच्या तोंडाचा वास मला येत होता," ती म्हणाली. "डॉक्टर मला म्हणाला शेवटचं रीळ लागलंय, तेव्हा मी इथे येऊन दुसरं काय मागितलं असेल? म्हटलं, आजोबा, तुम्हीपण थोडी घ्या आणि रिळं चुकवा."