आक्कांच्या खोलीतले उसाचे तुरे

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. वाचते आणि मनातल्या मनात कारणं लावत बसते — हा अर्धवट झोपेचा प्रकार, हा तापाचा, हा निव्वळ बनाव. माझं कामच तसं आहे. सत्तावीस वर्षं सोलापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काचपट्ट्या बघते. भिंगाखाली दिसतं ते आहे, दिसत नाही ते नाही. उतारे, वास्तुदोष, बाहेरचं काही... या विषयांना माझ्या घरात कधी थारा नव्हता, अजूनही नाही. म्हणून हे लिहायला वर्ष लागलं असं म्हटलं तर तुम्हाला पटेल. पण ते खोटं होईल. वर्ष लागलं ते वेगळ्या कारणानं.

आम्ही शहराच्या जुळे सोलापूर भागात राहतो. दुसरा मजला, दोन बेडरूमचा फ्लॅट. त्यातली लहान बेडरूम आक्कांची होती. आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. ह्यांची आई गेली तेव्हा हे चार वर्षांचे होते, धाकटे भाऊजी दीड वर्षाचे. आक्का अठराच्या, नवरा वारल्यामुळे माहेरी परत आलेल्या. दोघा भावांना त्यांनीच वाढवलं. गाव आमचं माढा तालुक्यात, उजनीच्या पाण्याकाठी. भाऊजी आणि माझी जाऊ सुनंदा अजून तिथंच शेती बघतात. आक्का मात्र आठ-नऊ वर्षं आमच्याकडे होत्या.

त्यांना पॅरालिसिसचा झटका आला आणि डावी बाजू गेली. जीभही जड झाली. झोपवायचं ते उजव्या कुशीवर, गुडघे जरा पोटाशी घेऊन. निर्जीव डावा हात लोंबू नये म्हणून छातीपुढे एक छोटी चौकोनी उशी ठेवायची आणि त्यावर तो हात. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी मला तसं शिकवलं होतं. दोन वर्षं रोज मी तसं झोपवलं. अंघोळ, जेवण, सगळं मीच. मोठेपणा म्हणून सांगत नाही, पुढचं कळावं म्हणून सांगते.

दोन वर्षं भरवताना ऐकून ऐकून मला त्यांचं बोलणं कळायला लागलं होतं. दुसऱ्या कुणालाच कळायचं नाही. 'अई एई गं' असं काहीतरी ऐकू यायचं, आणि ते 'कधी येतीस गं' असायचं. ह्यांना तर अजिबात उमगायचं नाही. पलंगापाशी बसायचे, आक्कांचा हात हातात घ्यायचे आणि माझ्याकडे बघायचे — "काय म्हणतीय गं ती?" दिवसातून दहा वेळा हा प्रश्न. मी सांगायची. ते मान डोलवायचे. आक्काही डोलवायच्या, बरोबर सांगितलं म्हणून.

मग आमच्या मुलीचं लग्न झालं. पहिली दिवाळी, जावई चार दिवस राहायला येणार. दिवाळीआधी घराला रंग द्यायचं ठरलं, आणि रंगाच्या वासानं आक्कांना त्रास नको म्हणून दसऱ्यानंतर त्यांना आठ दिवस गावी ठेवायचं ठरलं. कल्पना माझी. मी त्यांच्यापुढे आठ बोटं धरून म्हटलं, "आक्का, आठच दिवस. मग न्यायला येते." त्या हसल्या. अर्धंच हसू यायचं त्यांना.

त्यांना गावी सोडायला गेलो त्याच दिवशी भाऊजींच्या उसाच्या एका फडाला यंदा लवकर तुरा आलेला दिसला. उसाचा तुरा जवळून बघितला असेल तर ठाऊक असेल — रुपेरी, मऊ, माणसापेक्षा उंच डुलणारा. मोबाईलवर मी असल्याच वाळवलेल्या गवतानं सजवलेल्या बेडरूम बघत होते. विकत घ्यायला गेलं तर काय किंमत! मी भाऊजींना म्हटलं, पंधरा-वीस तुरे तोडून द्या.

"कशाला ओ वैनी?"

"बेडरूममध्ये लावायला."

भाऊजींनी सुनंदाला हाक मारली. "अगं ए, ऐकलं का? ऊस तुऱ्यावर आला की आमी कपाळाला हात लावतो, वजन घटतंय म्हणून. आन वैनी ते न्हिऊन पलंगाला लावणार हायेत!"

"लावू द्या की," सुनंदा म्हणाली. "शेरातल्या लोकास्नी लई हौस असती. वैनी, ट्रॉलीभर घिऊन जावा."

सगळे हसले. मीही हसले. आक्का आतल्या खोलीत पडून ऐकत होत्या.

तुरे मी बाल्कनीत दोरीला उलटे टांगून वाळवले. आक्कांची लोखंडी कॉट वॉचमनला देऊन टाकली, नवा डबल बेड घेतला. भिंतीला फिकट रंग. बेडच्या डोक्याशी, भिंतीवर, तुरे मोराच्या पिसाऱ्यासारखे पसरून लावले. खाली गडद जांभळी सोलापुरी चादर. खरंच सुंदर दिसत होतं. मुलगी म्हणाली, "आई, हॉटेलसारखं झालंय गं!" मी त्या कोपऱ्याचे कितीतरी फोटो काढले.

आठ दिवस उलटले, दिवाळी झाली, मुलगी-जावई गेले. आणि मग... मी आक्कांना आणलं नाही.

दमले होते, हे खरं. पण दमले होते म्हणून आणलं नाही, हे खरं नाही. दुपारी तीनला लॅबमधून यायचं, त्या खोलीत जायचं, पंखा न लावता पाय पसरून पडायचं. कुणी हाक मारत नव्हतं. डेटॉलचा वास नव्हता. ती खोली मला सोडवेना.

हे दर रविवारी गावी फोन लावायचे, स्पीकरवर. तिकडे सुनंदा फोन आक्कांच्या तोंडाशी धरायची. "वैनी, बघा ओ काय म्हणत्यात. सकाळपासनं बोलायल्यात, मला तर कायबी उमगंना."

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आक्का म्हणाल्या, "घरी ने. सुमन, घरी ने मला." दोनदा म्हणाल्या. मला अगदी नीट कळलं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतीय?"

मी म्हटलं, "म्हणतायत, इथंच बरं वाटतंय. गावची हवा मानवली. एवढ्यात नेऊ नका."

पॅरालिसिस जिभेचा होता, कानाचा नव्हता. फोन स्पीकरवर होता. मग आक्का "बरं" म्हणाल्या. तो एक शब्द कुणालाही कळला असता. ह्यांना कळला. आनंदले. "हे मात्र मला समजलं हां! बरं म्हणाली!"

दुसऱ्या दिवशी सोमवार. मी तीनला घरी आले. घरात कुणी नाही, हे सातला येतात. लहान बेडरूमचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबले.

बेडवर तुऱ्यांची लव पडली होती. ती थोडीफार पडायचीच, आठवड्यातून एकदा मी झटकायची. पण त्या दिवशी चादर पार भरली होती, करड्या-पांढऱ्या लवेनं, पीठ चाळून टाकल्यासारखी. आणि मधे एक जागा कोरी होती. नुसती जांभळी चादर, तिच्यावर एक काडीसुद्धा नाही. डोकं, खांदा, पाठीचा बाक, पोटाशी घेतलेले गुडघे. उजव्या कुशीवर कुणी झोपलेलं असावं, वरून लव पडावी आणि मग त्या माणसाला अलगद उचलून न्यावं, तसं.

एवढ्यावर मी स्वतःची समजूत घातली असती. पण छातीच्या पुढे, त्या आकाराला लागून, आणखी एक छोटी कोरी जागा होती. चौकोनी. उशीएवढी.

कुणालाही दाखवलं असतं तर त्याला तो डाग वाटला असता. मला कळलं.

मी काय केलं? चादर उचलली, बाल्कनीत नेली आणि झटकली. फोन हातात होता, फोटो काढला नाही. काढला असता तर कुणालातरी दाखवावा लागला असता, आणि त्या चौकोनाचा अर्थ सांगावा लागला असता.

पुढच्या रविवारी पुन्हा फोन. आक्का पुन्हा तेच म्हणाल्या. मी पुन्हा तेच सांगितलं. सोमवारी चादरीवर पुन्हा तोच आकार.

मग माझी लॅबची सवय जागी झाली. चादर बदलली. हात फिरवून बघितला, कुठं ओल नाही, तेलकटपणा नाही. खिडकी बंद, थंडी असल्यामुळे पंखा बंद. तिसऱ्या सोमवारी सकाळी जाताना खोलीला कुलूप घातलं, किल्ली माझ्या पर्समध्ये. तीनला उघडलं. होताच. मुलीला फोनवर एवढंच म्हटलं की तुरे फार गळतायत. ती म्हणाली, "अगं, हेअरस्प्रे मार त्यावर, सगळे तेच करतात." आणला. अर्धी बाटली मारली. तुरे काड्यांसारखे कडक झाले, बोटानं ओढूनही लव सुटेना. पुढच्या सोमवारी चादर भरलेली, मधे आक्का.

होय, मी मनात असंच म्हणायला लागले होते. आज आक्का आहेत. चादर झटकायची, चहा टाकायचा.

मला भीती वाटली का? वाटली. पण खरी भीती वेगळी होती. हे कधीतरी रविवारी गाडी काढतील आणि गावी जाऊन आक्कांना घेऊनच येतील, ही. तसा विषय त्यांनी दोनदा काढलाही. "मी म्हणतो, आणूया का तिला?" मी म्हटलं, "त्यांची इच्छा नसताना?" बहिणीच्या इच्छेविरुद्ध ते काही करायचे नाहीत.

डिसेंबरात आक्कांनी फोनवर बोलणं सोडलं. सुनंदा फोन धरायची, नुसता श्वास ऐकू यायचा. हे विचारायचे, "काय म्हणतीय?" मी म्हणायची, "झोप आलीय त्यांना."

संक्रांतीच्या अलीकडचा सोमवार. तीनला आले, दार उघडलं. चादर लवेनं भरलेली होती. आणि कोरी जागा नव्हती. इकडून तिकडे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सारखी. मी वाकून वाकून बघितलं. कुठंही काही नाही.

मला बरं वाटलं. हे लिहिताना हात थांबतोय, पण लिहिते. मला इतकं बरं वाटलं की मी बेडच्या कडेला बसले आणि हसले. संपलं एकदाचं, असं म्हणाले. मोठ्यानं. चहा घेतला, चहाबरोबर दोन खारी खाल्ल्या.

चारला सुनंदाचा फोन आला. "वैनी, आक्का गेल्या ओ. जेवान भरवाय गेले तर... थोरल्या भाऊजीस्नी तुमीच सांगा, माझ्यानं व्हईना."

दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना. अर्धा तास गेला, तास गेला. आमच्याकडे अशा वेळी घरचे एकेक पुढे होऊन सांगतात, तुझं अमुक करू, तमुक करू, काळजी करू नको. भाऊजी बोलले, हे बोलले, भावकीतले दोघं-तिघं बोलले. मग एक म्हातारे चुलते माझ्याकडे वळले. "सूनबाई, तिचं बोलणं तुलाच कळायचं. काय मागत हुती का ती शेवटाला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. हे सुद्धा. डोळे सुजलेले.

मी म्हटलं, "नाही. काही नाही."

शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

तुरे मी त्याच्या आधीच, पाचव्या दिवशी, मोडून घंटागाडीत टाकले होते. त्यानंतर त्या खोलीत काही झालं नाही. काहीच नाही. मी वर्षभर रोज तीनला दार उघडून बघत होते.

गेल्या महिन्यात वर्षश्राद्ध झालं. गावाहून परतल्यावर हे म्हणाले, "समाधान एकच आहे. तिला पाहिजे तिथं राहिली, पाहिजे तिथं गेली." आणि मला ते सहन झालं नाही. मी सगळं सांगितलं. रविवारचे फोन, 'घरी ने', चादर, कुलूप, हेअरस्प्रे, शेवटचा सोमवार. अगदी खारीपर्यंत.

ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "किती वेळा म्हणाली?"

"दर रविवारी. डिसेंबरपर्यंत."

"आणि त्याच्या आधी? इथं होती तेव्हा? दोन वर्षं तू मला सांगत होतीस, आक्का असं म्हणते, आक्का तसं म्हणते..."

"ते खरं होतं. सगळं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना तपासता येणार नव्हतं. ते बोलणं समजणारी मी एकटीच होते.

"आणि हे चादरीचं?" त्यांनी विचारलं. "हे तरी खरं आहे, की हेही तूच तिच्या वतीनं सांगतीयस?"

मी खरं म्हटलं. त्यांनी मान डोलवली नाही. उठले आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, मनातल्या अपराधाचा खेळ. असेल. लॅबमध्ये कुणी असं काही घेऊन आलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. माझ्याकडे फोटो नाही, तुरे नाहीत, ती चादरही मी धुऊन देऊन टाकली. काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. बघितलं ते लिहिलं आहे. खरं मानायचं की नाही ते तुम्ही ठरवा. ह्यांचं अजून ठरलेलं नाही.