बियाचं वांगं

मी जात्याच भांडखोर. हे माह्या जावेनं गावभर सांगतलं होतं, अन् तिचं तोंडही काही गोड नव्हतं. दोघी एकाच मळ्यात खपो, पण वाफे वेगळे, बियाणं वेगळं.

त्या साली मले मुदतीचा ताप आला. वऱ्हाड तवा मध्यप्रांतासंगं होतं. सरकारी दवाखाना मेहकरले, अन् बैलगाडीचे हिसके सोसाले माह्यात जीव नव्हता. म्हनून साखरखेर्ड्याचे हकीमसाहेब घोड्यावर येत. नाडी पाहात, जीभ पाहात, अन् ओसरीवर जाऊन घरच्याइले इचारत, "आज कोनाशी भांडली का?"

"नाही जी, लई गुनाची झाली."

"तेच वाईट हाये. दवा मी देतो. पन तिले जगायचं हाये का नाही, ते नाडीत नाही दिसत."

खरंच होतं. मले पेज नको, लेकरूही जवळ नको. सारे गोड बोलत अन् मी भिंतीकडे तोंड करून पडून राहो.

हकीमसाहेबाच्या त्या बोलन्याच्या तिसऱ्या रोजी जाऊ आली. कमरेवर हात ठेवून म्हने, "तुहं बियाचं वांगं तोडलं म्या. भाजी केली."

बियाचं वांगं म्हंजे झाडावर पिकेपर्यंत राखलेलं; पुढच्या सालचा सारा वाफा त्यात. कुठून जोर आला देव जाने, मी कोपरावर उठली. "कोनाले इचारून तोडलं व? अन् ते कडूजहर खाल्लं कसं, जीभ मेली का तुही?"

ओसरीवर हकीमसाहेब हसले. "पेज पाजा आता. जगते हे."

महिन्यानं काठी टेकत मळ्यात गेली, तं वांगं झाडावरच होतं, पिवळंधम्मक. पाखरं टोचू नाही म्हनून जावेनं त्याले फडकं बांधलं होतं. मी तिले काही बोलली नाही. बोलाले पायजे होतं. त्या एका लबाडीवर मी लेकीचं लगीन पाह्यलं, नातू खेळवले.

लई वर्सांनी जाऊही अंथरुनाले लागली. मी कमरेवर हात ठेवून उभी राह्यली. "तुहं बियाचं वांगं तोडलं म्या."

तिनं डोये उघडले नाहीत. "बरं केलं, बाई. पोराइले खाऊ घाल."

उभ्या जन्मात तिनं मले 'बरं केलं' म्हटलं नव्हतं. मी तिच्या उशाशी बसली. तिचा हात धरला अन् इतक्या वर्सांचं राह्यलेलं सांगून टाकलं, की तू होती म्हनून मी हाये.

तिनं सारं आयकलं. एका शब्दानं उलटून बोलली नाही.