द्राक्षप्रक्रियेचे क्रेडिट

बेदाणे सुकवताना देतात त्या गंधकाच्या धुरीचा वास आला, की मला नाशिकच्या आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा आणि तिथे तासिका तत्त्वावर शिकवणारे सर आठवतात. एम.एस्सी.च्या तिसऱ्या सत्राचे विषय निवडायचे होते, तेव्हा ते स्वतःहून आमच्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "माझा द्राक्षप्रक्रिया विषय घ्या, क्रेडिट सहज मिळतील." एवढा गोडवा मला खटकला. फळप्रक्रियेत आम्ही आधीच पास झालो होतो आणि दोन्ही विषयांचा अभ्यासक्रम निम्मा सारखाच होता. "सर, दोन्हींचे क्रेडिट धरतील?" मी विचारलं. "धरतील की." "मग विभागाकडून लेखी मिळेल?" त्यांचं हसू मावळलं. "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणत ते काचेच्या बरण्या पुसायला लागले. बाहेर आल्यावर नामपूरची माझी मैत्रीण तिच्या अहिराणीत चिडली, "सर इतला चांगला शे, अन् तुले त्याना बी संशय!" तिनं तो विषय घेतला, मी नाही. शेवटी विद्यापीठानं दोन्हींपैकी एकाचेच क्रेडिट धरले आणि तिला आणखी एक सत्र थांबावं लागलं. पुरेशी मुलं आली नसती तर सरांचे तास बंद होणार होते, हे मला नंतर कळलं. पण एकाचेच क्रेडिट धरायचा नियम त्यांना माहीत होता की नव्हता, हे अजून ठरवता आलेलं नाही. आता मीही तासिका तत्त्वावरच शिकवते. यंदा माझ्या विषयाला मुलं कमी आहेत, आणि परवा मी त्याचं कौतुक करायला लागले, तर मागच्या बाकावरची एक मुलगी डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होती.