घडीच्या सायकलीचे आठ दिवस

धुळ्याहून सोनगीरकडे जाताना आग्रा रोडवर एक फाटा लागतो. एसटी तिथे उतारूंना सोडते आणि पुढे निघून जाते. फाट्यापासून तीन किलोमीटर आत माझी शाळा होती. गावात जाणारी एक गाडी होती, पण ती मुक्कामी. संध्याकाळी जायची, सकाळी परत यायची, म्हणजे माझ्या बरोबर उलट्या दिशेने. त्यामुळे अकरा वर्षं मी हे अंतर रोज सकाळ-संध्याकाळ चालून काढलं. एकोणीसशे नव्वदच्या आगेमागे उजव्या गुडघ्याने हरकत घेतली. डॉक्टर म्हणाले, "हवी तर सायकल चालवा, पण ही रोजची पायपीट बंद."

पायपीट बंद म्हणजे नोकरी बंद. धुळ्यात बदली मागणाऱ्यांची रांग मोठी होती, आणि रांगेत पुढे सरकायला जे काका-मामा लागतात ते मला नव्हते. दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर राजीनामा, असं घरात ठरलं. ठरलं म्हणजे यजमान बोलले आणि मी गप्प राहिले. मला नोकरी सोडायची नव्हती. कारण काही थोर नव्हतं. ज्ञानदानावरची भाषणं मी पुष्कळ ऐकली होती, बहुतेक वर्गावर न जाणाऱ्यांची. मला आठवी ब आवडायची, आणि दुपारभर घरात बसून माझं काय होईल याची भीती वाटायची. एवढंच.

तोडगा यजमानांनीच आणला. त्यांच्या कचेरीतले एक साहेब निवृत्त होऊन जळगावला राहत होते. त्यांच्या जावयाने परदेशातून घडीची सायकल आणली होती आणि ती विकायची होती. धुळ्यात घडी करून एसटीत ठेवायची, फाट्यावर उलगडायची, शाळेपर्यंत चालवायची. लहानपणी अमळनेरला भाड्याची सायकल घेऊन मी गल्लीभर फिरले होते, त्यामुळे शिकण्याचाही प्रश्न नव्हता. खोट काढायला कुठे जागाच नव्हती. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

रविवारी आम्ही जळगावला गेलो. सायकल दिवाणखान्यात, काचेच्या कपाटाशेजारी होती. तिच्यावर भरतकाम केलेलं आवरण होतं. साहेबांनी पुतळ्याचं अनावरण करावं तसं ते दूर केलं. मग म्हणाले, "मॅडम, ही सायकल नव्हे. ही सोय आहे."

"सोय आहे तर दिवाणखान्यात काय करतेय, विचारा," स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नीचा आवाज आला.

साहेबांनी ते ऐकलं नाही. त्यांना सवय असावी. त्यांनी बिजागरी दाखवली, दोन खटके दाखवले, हँडल आडवं करून दाखवलं. सायकल घडी होऊन मांजरासारखी खाली बसली.

"तुम्ही कुठे कुठे नेलीत ही?" मी विचारलं.

"अजून योग आला नाही," ते म्हणाले. "आठ दिवस घेऊन जा. पुढच्या रविवारी सांगा, ठेवताय का परत करताय."

सोमवारी धुळ्याच्या स्टँडवर ती सोय उचलून एसटीच्या पायऱ्या चढायची वेळ आली. गव्हाने भरलेला डबा असतो तितकं वजन. चालायला बंदी असलेल्या गुडघ्याने ते उचलायचं होतं. कंडक्टर दारातच उभा होता.

"बाई, सायकल टपावर."

"ही घडीची आहे."

"घडी केली म्हणून काय ती साडी झाली का? सायकल ती सायकल."

"टपावर चढवणार कोण?"

त्याने टपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला झाला. सायकल हातोहात मागच्या बाकापर्यंत गेली. तिथे एका म्हाताऱ्या बाईने तिच्यावर हात ठेवून विचारलं, "बाई, हाई शिलाई मशीन शे का?" मी नाही म्हणेपर्यंत पलीकडच्या दोघींनी ब्लाउजची शिलाई विचारून घेतली होती.

फाट्यावर ती खाली उतरवेपर्यंत ड्रायव्हरने तीनदा हॉर्न वाजवला. तिथे लिंबाखाली एक चहाची टपरी होती. टपरीवाल्या म्हाताऱ्याला सगळे आबा म्हणत. मी सायकल उलगडायला घेतली तशी टपरीवरची माणसं कप घेऊन जवळ आली. साहेबांच्या दिवाणखान्यात जे काम अर्ध्या मिनिटात झालं होतं, त्याला इथे चार मिनिटं लागली, कारण बिजागरीत धूळ गेली होती आणि प्रेक्षकांपैकी प्रत्येकाचं मत वेगळं होतं.

पुढचा रस्ता म्हणजे कापसाच्या बैलगाड्यांनी पाडलेली खोल चाकोरी. सायकलची चाकं इतकी लहान की ती चाकोरीत उतरली म्हणजे पेडल कडेला घासायचं. अर्धा रस्ता मी चालवली, अर्धा रस्ता हातात धरून नेली. तरी शाळेत वेळेवर पोचले, हे मान्य करायला हवं. मंगळवारीही पोचले. घरी यजमानांनी विचारलं, "जमतंय ना?" मी म्हटलं, "जमतंय." राजीनाम्यापेक्षा बरं होतं, आणि पंधरवड्यात सवय होईल असं मीच मला समजावत होते.

बुधवारी हेडसरांनी ऑफिसात बोलावलं. आमचे हेडसर भले गृहस्थ होते, फक्त त्यांच्या कपाटात एक शाल कायम तयार असायची आणि ती स्वस्थ बसत नसे.

"बाई, शुक्रवारी विस्तार अधिकारी येताहेत. त्यांच्या हस्ते तुमचा सत्कार ठेवतोय. शाल, श्रीफळ. ग्रामीण भागात घडीची सायकल वापरणारी पहिली शिक्षिका."

"सर, अजून घेतली नाही. आठ दिवसांच्या बोलीवर आणलीय."

"मग घ्या," ते म्हणाले. "फळ्यावर लिहूनसुद्धा झालंय."

आता माझी पंचाईत झाली. एकदा शाल अंगावर पडली की सायकल परत करायची सोय नव्हती. शाल घेऊन आठवड्याने पुन्हा पायी येणारी बाई गावाने दहा वर्षं लक्षात ठेवली असती. म्हणजे निकाल रविवारी नाही, शुक्रवारच्या आत लावायचा होता. घ्यावी, तर रोज हे ओझं उचलायचं आणि गुडघा किती दिवस साथ देईल ते बघायचं. घेऊ नये, तर राजीनामा. बुधवारी रात्री मी घ्यायचीच असं ठरवलं. आनंद झाला नाही, पण ठरवलं.

गुरुवारी संध्याकाळी फाट्यावर घडी घालत होते. आबा बाकावरून उठून जवळ आले.

"बाई, एक इचारू का?"

"विचारा ना आबा."

"हाई सायकल रातले धुळाले जाईसन काय करस?"

"काय करणार? उभी असते."

"अन सकायले परत आठे येस."

"हो, इथेच."

"म्हंजे तुम्ही तिले रोज धुळं दखाडतस."

सायकलला धुळं दाखवायचं? मी खटका अर्धा दाबून थांबले. आबांनी टपरीमागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे सात-आठ सायकली टेकून उभ्या होत्या. अकरा वर्षं मी त्या पाहत होते. गावातली जी माणसं कामाला धुळ्याला जायची, ती सकाळी गावातून सायकलवर फाट्यापर्यंत यायची, सायकल आबांकडे टाकायची आणि एसटी धरायची. संध्याकाळी उतरून परत सायकलवर घरी.

"ती लेडीज सायकल दखा," आबा म्हणाले. "कंपाउंडरनी शे. सकाय आठले लागस, सांजले साडेसहाले उठस. दिनभर नुसती उभी."

मी दहा-सव्वादहाला फाट्यावर उतरत असे आणि साडेपाचला परत येत असे. हा हिशेब आठवी ब मधल्या कुणालाही जमला असता. मी आणि यजमान, आम्ही दोघं शिकलेली माणसं मात्र सायकल विकत घ्यायची की नाही यावरच इतके अडून बसलो की दुसऱ्याची रिकामी सायकल आम्हाला दिसलीच नाही.

एक एसटी सोडून मी कंपाउंडरसाठी थांबले. तो धुळ्यातल्या एका दवाखान्यात होता, उंच आणि मिशाळ. मी संकोचत विचारलं. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"न्या ना बाई. पोरगीनं लगीन व्हयनं, सायकल राही गयी. माले बठ्ठा लोक हसतस, लेडीज सायकलवर बसस म्हनून. आते सांगसू, मास्तरीनबाईनी शे, मी फक्त पोचाडस."

शुक्रवारी मी खांद्याला पर्स लावून एसटीत चढले. कंडक्टरने मागे-पुढे पाहिलं आणि विचारलं, "मशीन विकलं का?" फाट्यावर आबांनी किल्ली हातात दिली. मोठ्या चाकांची ती जुनी सायकल चाकोरीतून सरळ निघाली. गुडघा दुखला नाही असं नाही, पण तो आपल्या ठिकाणी राहून दुखला. वाटेत एका कापसाच्या गाडीला ओलांडून मी पुढे गेले तेव्हा, कुणी बघत नाही याची खात्री करून, घंटी वाजवली.

हेडसर फाटकाशी उभे होते. "घडीची कुठाय?"

"घरी आहे सर. रविवारी परत करतेय."

"आणि फळा?"

फळा पुसला गेला. शाल विस्तार अधिकाऱ्यांच्या खांद्यावर पडली. आपल्याला ती का मिळाली हे त्यांनी विचारलं नाही आणि अर्धा तास समाधानाने बोलले.

यजमानांनी घरी सगळं ऐकून घेतलं. "हे मलाही सुचलं असतं," ते म्हणाले. मी हो म्हटलं. त्या दिवशी मी कशालाही हो म्हटलं असतं.

रविवारी जळगावला साहेबांपुढे काय कारण सांगायचं याची चिंता होती. मी म्हटलं, "सायकल उत्तम आहे. आमचा रस्ता तिच्या लायकीचा नाही." ते खरंच होतं. साहेबांनी खिशातून रुमाल काढून बिजागरीतली फाट्याची धूळ हळूच टिपली. विकली न गेल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर मला कुठे दिसलं नाही. त्यांच्या पत्नीने आवरण आणून दिलं आणि मला विचारलं, "तुम्ही निदान चालवलीत ना?"

"अर्धा रस्ता."

"तेवढी तरी झाली."

शनिवारच्या सकाळच्या शाळेचा प्रश्न राहिला होता, कारण त्या वेळी कंपाउंडरची सायकल अजून गावातच असे. त्या दिवशी फाट्यावर दूध घालून परतणाऱ्या मोटरसायकलवर, रिकाम्या किटल्यांच्या मध्ये बसून मी जाऊ लागले. ते काही मानाचं दृश्य नव्हतं. दुपारी परतताना फाट्याकडे निघालेलं कुणीतरी मला मागे बसवून घेई. इतर दिवशी कंपाउंडर सायकलची सीट वर करायचा, मी खाली करायचे. महिनाभराने ती मधोमध कुठेतरी राहू लागली, दोघांनाही थोडी गैरसोयीची.

दिवाळी आली. राजीनाम्याचा विषय कुणी काढला नाही. चकल्या शेजारणीकडून करून घ्याव्या लागल्या, कारण आठवी ब चे सहामाहीचे पेपर माझ्यापुढे पडले होते आणि त्यातले निम्मे अजून तपासायचे होते.