घारसाहेबांची पालकसभा

बसडेपोत त्यांना घारसाहेब म्हणत. समोर घारसाहेब, पाठीमागे नुसती घार. तिकीट तपासनीस म्हणून एकवीस वर्षं नोकरी झाली होती आणि त्यांच्या नजरेतून कोणी सुटलं, असं फारसं घडलं नव्हतं. बस थांब्यावर नीट उभी राहायच्या आत, खिडकीतून दिसणाऱ्या माना बघूनच ते सोबतच्या माणसाला सांगत, "तिसऱ्या बाकावरचा निळा शर्ट." आणि निळा शर्ट खरोखरच विनातिकीट निघे. बहाणे तर त्यांना तोंडपाठ होते. पाकीट मारलं गेलं, तिकीट खिडकीतून उडालं, पास दुसऱ्या पँटमध्ये राहिला. समोरच्याने तोंड उघडलं की पुढचं वाक्य हेच पुरं करत आणि अख्खी बस हसे. त्या हसण्याची आपल्याला चटक लागलीये, हे त्यांच्या लक्षात फार उशिरा आलं.

घरात ते, बायको आणि आठ वर्षांची मुलगी. मुलगी अंगाने बारकी. पाठीवर स्वतःएवढं दप्तर घेऊन भिंतीच्या कडेकडेने चालायची, म्हणून घरात तिला मुंगी म्हणत. बायको इस्पितळात नर्स होती. आजवर शाळेचं सगळं तीच बघे. पण मुंगी तिसरीत गेली त्याच वर्षी बायकोची बदली दुसऱ्या विभागात झाली, पाळ्यांचा काही धरबंध उरला नाही, आणि शाळा उघडायच्या आधीच तिने नवऱ्याला सांगून टाकलं, "हे वर्ष तुमच्याकडे. डायरी बघायची, सही करायची, सभेला जायचं."

"त्यात काय एवढं?" घारसाहेब म्हणाले. "रोज शेकड्याने माणसं तपासतो मी. एक पोरगी नाही का तपासता येणार?"

सकाळी चहाचा कप एका हातात धरून ते दुसऱ्या हाताने डायरीवर सही ठोकत. मुंगी नेमकं पान उघडून द्यायची आणि सहीच्या जागेवर बोट ठेवायची. त्या बोटाच्या वर दोन ओळी लिहिलेल्या असत, त्या वाचायच्या असतात हे काही त्यांना सुचलं नाही. पोरगी शाळेत जाते, रडत नाही, तक्रार करत नाही, म्हणजे सगळं छान चाललंय.

सहामाही संपली आणि पालकसभेची चिठ्ठी आली. घारसाहेब कामावरून थेट गेले, गणवेशातच. छातीवरचा बिल्ला त्यांनी आत शिरण्याआधी रुमालाने पुसला. वर्गात पालकांना पोरांच्याच बाकांवर बसवलं होतं. भल्याभल्यांचे गुडघे हनुवटीला टेकत होते. घारसाहेबांना जागा मिळाली ती एका किडकिडीत रंगाऱ्याशेजारी. त्याच्या नखांत पांढरा रंग सुकलेला होता. घारसाहेबांना बघताच तो सरकला, गरजेपेक्षा थोडा जास्तच, आणि फळ्याकडे बघत राहिला. लाजाळू दिसतो, असं घारसाहेबांना वाटलं.

बाई तरुण होत्या आणि त्यांचा घसा बसलेला होता. "आज मार्कांचं काही बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "मार्क तुम्हाला कार्डावर दिसतातच. मूल दिसतं का, ते बघू. हा एक कागद आहे, आठ प्रश्नांचा. मुलांनी गेल्या आठवड्यात हाच कागद स्वतःबद्दल भरलाय. तुम्ही भरा, मग मी मुलांचा तुमच्या हातात देते. कोणी गोळा करणार नाही, कोणी मोठ्याने वाचणार नाही."

"आणि आम्ही नापास झालो तर?" मागून एक आई म्हणाली. सगळे हसले. घारसाहेब सगळ्यात मोठ्याने हसले, कारण नापास होण्याचा त्यांच्यापुरता प्रश्नच नव्हता.

त्यांनी भराभर लिहिलं. शाळेतली सगळ्यात जवळची मैत्रीण कोण? शेजारच्या इमारतीतली कुरळ्या केसांची. कुठे बसते? पहिल्या बाकावर. कुठला विषय जड जातो? कुठलाच नाही. मधल्या सुट्टीत काय करते? डबा खाते, मैत्रिणींबरोबर खेळते. शाळेत सगळे तिला काय म्हणतात? इथे ते क्षणभर थांबले आणि मग लिहिलं, मुंगी. कशाची भीती वाटते? पालीची. आवडतं पुस्तक? ते माहीत नव्हतं, म्हणून ठोकून दिलं, 'प्राण्यांच्या गोष्टी'. घरच्यांना एक गोष्ट सांगायची असेल तर ती कोणती सांगेल? 'मला शाळा खूप आवडते.' शेवटी पूर्णविराम देऊन त्यांनी घड्याळ बघितलं. रंगाऱ्याचा कागद अजून अर्धा कोरा होता.

मग बाईंनी मुलांचे कागद वाटले.

मुंगीचं अक्षर त्यांना अक्षरशः पहिल्यांदा नीट दिसलं. ओळ सोडून वर चढणारं, दाबून काढलेलं. जवळची मैत्रीण: 'वर्ग झाडणाऱ्या मावशी.' कुठे बसते: 'शेवटी, एकटी.' जड जाणारा विषय: 'मोठ्याने वाचणे.' मधल्या सुट्टीत: 'माझा डबा मला उघडत नाही म्हणून मावशींकडे जाते. मग तिथेच बसते.' शाळेत काय म्हणतात: 'दंड.'

घारसाहेबांनी तो शब्द दोनदा वाचला. मग ते पुढे वाचत गेले. कशाची भीती वाटते: 'बस थांबली की.' आवडतं पुस्तक: 'अजून नाही.' आणि शेवटच्या प्रश्नाखाली जागा पुरली नव्हती म्हणून समासात, उभं, बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'बाबांनी बसमध्ये त्या मुलीला विचारायला नको होतं. ती माझ्या वर्गात आहे. पण बाबांना हे सांगू नका, त्यांना वाईट वाटेल.'

कोणती मुलगी, हे त्यांना आठवावं लागलं नाही. तो किस्सा त्यांनी डेपोत चार वेळा सांगितला होता. दोन महिन्यांपूर्वी सकाळच्या गर्दीत एक माणूस सापडला होता, सोबत दोन वेण्यांची मुलगी, गणवेशातली. तिकीट काढलं होतं, कुठेतरी पडलं, असं तो म्हणत होता. घारसाहेबांनी त्याच्याशी वाद घातलाच नाही. ते वाकले आणि गोड आवाजात मुलीला म्हणाले, "बाळ, खोटं बोलायचं नाही असं शाळेत शिकवतात ना? मग सांग बघू, बाबांनी तिकीट काढलं होतं?" मुलीने बापाकडे बघितलं, मग आपल्या बुटांकडे, आणि मान हलवली. नाही. बस खदखदून हसली. "बघा," घारसाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बापापेक्षा लेक शहाणी!"

त्याच रात्री जेवताना त्यांनी घरी सगळी नक्कल करून दाखवली होती. बायको दमलेली असूनही हसली. मुंगीने ताटातला हात थांबवला होता. "जेव गं," एवढंच तेव्हा ते म्हणाले होते.

आता त्यांनी आपला कागद घाईघाईने घडी घालून खिशात कोंबला आणि बाईंच्या टेबलाशी गेले. "अहो बाई, जरा गोंधळ झाला," ते हळू आवाजात म्हणाले. "मी थेट ड्युटीवरून आलो ना. डोकं ठिकाणावर नव्हतं. दुसरा कोरा कागद मिळाला असता तर..." बोलता बोलताच आपला आवाज त्यांच्या कानावर पडला. हा आवाज त्यांच्या चांगला ओळखीचा होता. रोज ऐकत होते, फक्त बसमध्ये, समोरच्याच्या तोंडून.

"तो मला द्यायचा नाहीये," बाई म्हणाल्या. "तुमच्याजवळच ठेवा. पण मी दोनदा डायरीत लिहिलं होतं, ती एकटी पडलीये, येऊन भेटा म्हणून. दोन्ही वेळा खाली तुमची सही आहे."

"हो," घारसाहेब म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "ती मुलगी कुणाची?"

बाई उत्तर द्यायला कचरल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "माझी."

रंगारी उभा होता. एकदा बघितलेला चेहरा विसरत नाही अशी ज्यांची ख्याती, ते घारसाहेब अर्धा तास त्याच्या खांद्याला खांदा लावून बसले होते आणि त्यांना ओळख पटली नव्हती. त्या दिवशी त्यांनी चेहरा बघितलाच कुठे होता?

दोघे जिन्यात आले. "तिकीट नव्हतंच माझ्याकडे," रंगारी म्हणाला. "दंड घेतलात ते बरोबरच. त्याबद्दल मनात काही नाही. पण साहेब, विचारायचं तर मला विचारायचं होतं. मी कबूल केलं असतं, नसतं, ते माझं मी बघितलं असतं."

घारसाहेबांचा हात छातीवरच्या बिल्ल्याकडे गेला.

"महिनाभर ती माझ्याशी बोलेना. मला वाटलं, बाप खोटारडा निघाला म्हणून चिडलीये. तर तिला वाटत होतं, तिनेच मला पकडून दिलं. झोपेतून दचकून उठायची." तो थांबला. "तुमच्या मुलीला पोरं चिडवतात, ते मला ठाऊक आहे. माझीनेच सुरू केलं असणार. मी रागावलो तिला. पण पोरं ऐकतात होय?"

"माझं चुकलं," घारसाहेब म्हणाले. हे दोन शब्द काढायला त्यांना कठडा धरावा लागला.

"मला सांगून काय उपयोग?" रंगारी म्हणाला आणि जिना उतरून गेला.

घरी मुंगी जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. तिने वर बघितलं आणि तिला कळलं. "तुम्ही वाचलंत," ती म्हणाली.

"वाचलं."

"शेवटचंपण?"

"शेवटचंपण."

तिचे डोळे भरून आले. चूक आपल्याकडूनच झाली, असा तिचा चेहरा झाला होता. घारसाहेब तिच्याशेजारी फरशीवर बसले. बोलायचं तर पुष्कळ होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "डबा उघडत नाही, हे सांगायचं ना गं."

"तुम्हीच आणला होता," मुंगी म्हणाली. "दुकानात उलटा धरून दाखवलात, थेंबसुद्धा सांडत नाही म्हणून. तुम्हाला किती आवडला होता."

त्यांनी तो डबा काढून उघडून बघितला. त्यांनासुद्धा जोर लावावा लागला.

बायको कामावरून आल्यावर त्यांनी तिच्यापुढे दोन्ही कागद ठेवले. वाचून झाल्यावर ती त्यांच्यावर चिडली नाही. "मी पण हसले होते त्या दिवशी," एवढंच म्हणाली. ती चिडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते मुंगीला घेऊन शाळेच्या फाटकाशी उभे राहिले. रंगारी मुलीला घेऊन येताना दिसला, तसे ते तरातरा पुढे गेले, तिच्यापुढे गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "बाळ, मी तुला तसं विचारायला नको होतं. चूक माझी होती, तुझी नाही. मला माफ कर." आवाज त्यांचा सवयीने मोठाच होता. आजूबाजूची पोरं थांबून बघायला लागली. मुलगी बापाच्या पायामागे गेली. रंगाऱ्याने "चल" म्हणून तिला आत नेलं.

मुंगी लालबुंद झाली होती. "बाबा, पुन्हा सगळ्यांसमोर कशाला?" ती दात आवळून म्हणाली आणि भिंतीच्या कडेने निघून गेली.

ते तिथेच गुडघ्यावर राहिले. माफी मागायलासुद्धा आपल्याला बघे लागतात, हे त्यांना तेव्हा कळलं आणि आदल्या दिवसापेक्षा जास्त लाज वाटली.

पुढचं हळूहळू झालं, आणि बरंचसं बाईंनी केलं. त्यांनी बाक बदलले. एक नवी मुलगी वर्गात आली, तिला 'दंड' वगैरे काही ठाऊक नव्हतं. ती मुंगीची मैत्रीण झाली. वार्षिक परीक्षेपर्यंत ते नाव मागे पडलं, पार गेलं नाही. घारसाहेब रोज संध्याकाळी मुंगीकडून एक पान मोठ्याने वाचून घेत. ती अडली की त्यांना पुढचा शब्द पुरवायची ऊर्मी येई. पहिल्या आठवड्यात ते तो पुरवतही. मग ओठ मिटून बसायला शिकले. बसमध्ये ते अजूनही फुकटे पकडत, पण वाकून, कानाशी बोलत. डेपोतले सहकारी म्हणत, घारीचे पंख गळाले.

मे महिन्यात एकदा दुपारच्या रिकाम्या बसमध्ये ते चढले. मागच्या बाकावर दोन वेण्यांची मुलगी आपल्या आजीबरोबर बसली होती. आजी पेंगत होती. घारसाहेबांना वाटलं, आज शाळा नाही, पोरं नाहीत, नुसतं ओळखीचं हसावं. ते हसलेसुद्धा. पण ते मधल्या दांड्याशी पोचायच्या आतच मुलीने आजीच्या मुठीतून दोन्ही तिकिटं सोडवून घेतली आणि हात ताठ करून वर धरली. त्यांच्याकडे न बघता.

"राहू दे, बाळ," ते म्हणाले.

तिने हात खाली घेतला नाही. घारसाहेब पुढच्याच थांब्यावर उतरले.