कशालाच न जोडलेला कीबोर्ड

प्यो सांगदोकला भिंतीकडे तोंड करून बसवलं, तेव्हा त्याच्या नोकरीला सव्वीस वर्षं झाली होती. दक्षिण कोरियातल्या चांगवन शहरात, एका पंप बनवणाऱ्या कंपनीत तो माहितीपुस्तिका लिहायचा. पंप कसा बसवावा, कसा सुरू करावा, घरघर ऐकू आली तर आधी काय तपासावं. कुठल्या कुठल्या कारखान्यांत मेकॅनिक ज्या तेलकट पुस्तिका चाळत, त्यांतलं जवळपास प्रत्येक वाक्य प्योचं होतं. नाव मात्र कुठेच नव्हतं, आणि त्याला त्याचं कधी काही वाटलंही नव्हतं.

फेब्रुवारीत नऊ जणांना ‘स्वेच्छेने’ राजीनामा द्यायला सांगितलं. आठांनी दिला. प्योने दिला नाही. का, ते त्याला धड सांगता आलं नसतं. आपण काही चूक केलेली नाही, एवढंच त्याच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. कामगारांचे खटले चालवणाऱ्या एका वकिलाने त्याला सांगितलं, “सही करू नका आणि खुर्ची सोडू नका. बाकी मी बघतो. वर्षभर लागेल.”

मार्चमधल्या एका सोमवारी तो कामावर आला तर त्याचं टेबल जागेवर नव्हतं. पाण्याच्या मशीनशेजारी, भिंतीला चिकटवून ठेवलं होतं. कॉम्प्युटर नाही, फोन नाही. टेबलावर एक कागद. मोबाइल वापरू नये. पुस्तक, वर्तमानपत्र वाचू नये. झोपू नये. दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ जागा सोडल्यास वहीत नोंद करावी. खाली मनुष्यबळ विभागाच्या बोंगसाहेबांची सही.

साडेआठ ते साडेपाच. समोर भिंत, पाठीमागे चाळीस माणसं. लोक पाणी प्यायला यायचे आणि त्याच्या खांद्यावरून हात लांबवून कागदी पेला घ्यायचे. पहिल्या आठवड्यात “माफ करा हं साहेब” म्हणायचे. तिसऱ्या आठवड्यात तेही बंद झालं.

त्याची बोटं मात्र बसली नाहीत. जेवताना, टीव्ही बघताना ती मांडीवर, टेबलाच्या कडेवर चालत राहायची. एका संध्याकाळी मिरानने, त्याच्या बायकोने, चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

“अहो, बास करा ना ते.”

“काय?”

“बोटं. उंदीर फिरतोय असं वाटतं मला.”

त्याने हात टेबलाखाली घेतले. मिरानच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आपण उंदीर म्हणालो याचं तिला दिवसभराच्या कष्टांपेक्षा जास्त वाईट वाटलं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिथे दिवसाला सहाशे ताटं लागायची.

मे महिन्यातल्या एका शनिवारी तो मासानच्या भुयारी बाजारात घड्याळाचा सेल बदलायला गेला. शेजारच्या गाळ्यात चाळिशीतली एक बाई फोन दुरुस्त करायची. सोहे तिचं नाव. त्या दिवशी फोन बाजूला सारून ती कुणाचा तरी कीबोर्ड जोडत बसली होती. जोडून झाल्यावर तिने त्यावर दोन्ही हात फिरवले. कपाटावर पावट्याचे दाणे सांडावेत तसा जाड, भरीव आवाज आला. प्यो जागच्या जागी थांबला.

“काका, काही हवंय?”

“हा असा... बाजारात मिळतो का?”

“तयार नाही मिळत. सुटे भाग आणायचे आणि आपण जोडायचा. कधी हातात सोल्डरिंगची बंदूक धरलीय?”

“पुस्तिकेत लिहिलंय. कशी धरायची ते.”

सोहे हसली. “मग धरायची तेवढी राहिली.”

पुढचे तीन शनिवार तो तिच्या गाळ्यात, उलट्या क्रेटवर बसला. आधी वंगण. सदुसष्ट स्विच, प्रत्येक उघडायचा, आतल्या स्प्रिंगला आणि बाजूच्या खाचांना बारीक ब्रशने हात द्यायचा, परत मिटायचा. वंगण जास्त झालं तर कळ चिखलात रुतल्यासारखी खाली जाते, कमी पडलं तर करकरते. पहिले वीस त्याने इतके माखले की सोहेने ते पुसून पुन्हा करायला लावले. “काका, हे वंगण आहे, पावाला लोणी नाही लावायचंय.”

मग सोल्डरिंग. स्विचला दोन पाय, म्हणजे एकशे चौतीस डाग. बंदुकीचं टोक पायाला आणि बोर्डावरच्या तांब्याच्या कड्याला एकदम टेकवायचं, दोन आकडे मोजायचे, कथलाची तार लावायची, बाजूला व्हायचं. प्यो पाचपर्यंत मोजायचा. दोन ठिकाणी डाग एकमेकांना चिकटले. एका स्विचचा पाय आत दुमडला गेला, तो सगळं झाल्यावर सापडला. स्पेसबारखालची तार इतकी खडखडायची की ती तीनदा काढून सरळ करावी लागली. शेवटी सोहेने कीबोर्ड आपल्या कॉम्प्युटरला जोडला आणि तो एकेक कळ दाबत गेला. पडद्यावर अक्षरं उमटली. एक उमटलं नाही. तो डाग त्याने स्वतःच शोधला आणि पुन्हा दिला. अक्षर उमटलं.

“पहिलाच ना?” सोहे म्हणाली. “पहिला सगळ्यांचा वाकडाच होतो. हा चालतोय तरी. घरी कॉम्प्युटर कुठला आहे?”

“घरी नाही वापरणार. ऑफिसात नेणार.”

“बरंय. ऑफिसचे कीबोर्ड म्हणजे नुसते बिस्किटाचे डबे.”

त्याने तिला भिंतीचं काही सांगितलं नाही.

सोमवारी प्योने पिशवीतून कीबोर्ड काढून टेबलावर ठेवला. कागदावर कीबोर्डला मनाई नव्हती. वायर त्याने नीट गुंडाळून बाजूला ठेवली आणि टाइप करायला लागला. काय लिहायचं हा प्रश्नच नव्हता. सव्वीस वर्षांच्या पुस्तिका त्याला तोंडपाठ होत्या. तीन क्रमांकाच्या पंपापासून त्याने सुरुवात केली. प्रकरण पहिलं, सुरक्षेच्या सूचना. यंत्र चालू असताना झाकण उघडू नये.

मागची कुजबुज थांबली. कुणीतरी फिसकन हसलं. अर्ध्या तासात बोंगसाहेब आले. वायर उचलून त्यांनी तिचं टोक पाहिलं.

“प्योसाहेब, हे कशाला जोडलंय?”

“कशालाच नाही.”

“मग करताय काय?”

“काम.”

बोंगसाहेबांनी भिंतीकडे पाहिलं, जणू तिथे काही लिहिलेलं असेल. मग निघून गेले. त्या दिवशी तो घरी दोन वाट्या भात जेवला. मिरानने विचारलं, “काय झालं आज?” तो म्हणाला, “तीन क्रमांकाचा पंप संपवला.” ती त्याच्याकडे बघत राहिली.

पाच आठवडे त्याने रोज लिहिलं. जुलैत बोंगसाहेबांनी त्याला बोलावून एक कागद दाखवला. आवाजाने कामात व्यत्यय येतो, अशी सहकाऱ्यांची तक्रार. अकरा सह्या. पहिली सही हामची होती.

हाम ग्युजिन नऊ वर्षांपूर्वी कंपनीत लागला, तेव्हा त्याला वाक्य कुठे तोडावं हेही कळत नव्हतं. प्योने त्याला शेजारी बसवून शिकवलं होतं. हामच्या लग्नात आहेर लिहून घेण्याच्या टेबलावर प्योच बसला होता. मार्चपासून हाम त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता, पण तेवढं प्योने समजून घेतलं होतं. घरात दोन लहान मुलं आहेत त्याच्या.

संध्याकाळी प्योने त्याला जिन्यात गाठलं.

“पहिली सही तुझी?”

हामने खाली वर कुणी आहे का ते पाहिलं. “हो.”

“बोंगने करायला लावली?”

“नाही.” हामचा आवाज फाटला. “नाही साहेब. मीच लिहिला तो कागद. बाकीच्यांना नुसता आवाज ऐकू येतो. मला... मी नऊ वर्षं तुमच्या शेजारी बसलोय. वाक्य संपलं की तुम्ही स्पेसबार दोनदा मारता. ‘झाकण उघडू नये’ आलं की शेवटची कळ जोरात दाबता. तुम्ही काय लिहिताय ते मला कळतं. काल सात नंबरचा पंप होता. होता ना?”

प्योने होकारार्थी मान हलवली.

“तेच प्रकरण मी कॉम्प्युटरवर नव्याने लिहीत होतो. फाइलवरचं तुमचं नाव काढून माझ्या नावाने जमा करायचंय. दिवसभर मी लिहितो आणि मागून तुम्ही लिहिता. घरी गेलो तरी कानात तेच. बायको म्हणते, डॉक्टरकडे जा. शिक्षा तुम्हाला दिलीय की मला, साहेब?”

“पुस्तिकेवर माझं नाव कधीच नव्हतं,” प्यो म्हणाला. मग जिना उतरून तो बस थांब्यावर गेला आणि दोन बस समोरून जाऊ दिल्या.

शनिवारी त्याने सोहेला विचारलं, आवाज न करणारे स्विच असतात का. असतात, ती म्हणाली, आत रबर असतं. पण जुने सगळे डाग वितळवून, शोषून काढावे लागतील. “नवशिक्याचं काम नाही हे, काका. ठेवून जा, पुढच्या आठवड्यात मी करते.”

“सोमवारी हवाय.”

“एवढी कसली घाई?”

तेव्हा त्याने सगळं सांगितलं. भिंत, पाण्याचं मशीन, हाम. सोहेने हातातला फोन खाली ठेवला आणि बंदूक गरम करून त्याच्यापुढे सरकवली. पण तिचं गिऱ्हाईक उभं होतं, तिला त्याच्याजवळ बसून राहता आलं नाही. चार तासांनी ती मोकळी झाली, तेव्हा जुने स्विच निघाले होते आणि त्यांच्याबरोबर तांब्याची नऊ-दहा कडीही उखडून आली होती. प्योने घाबरून टोक जास्त वेळ टेकवलं होतं. तिने बोर्ड दिव्याखाली उलटासुलटा केला.

“मेला हा. डाव्या बाजूची अर्धी अक्षरं आता कधीच उमटणार नाहीत. तारा ओढून जिवंत करता येईल, पण वेळ लागेल.”

“नको,” प्यो म्हणाला. “तुम्ही नुसते स्विच बसवा. कळ खाली जाऊन वर आली म्हणजे झालं.”

सोहेने बसवले. त्याने द्यायला काढलेले पैसे तिने घेतले नाहीत. त्याचा त्याला राग आला.

सोमवारी तो बिनआवाजाचं टाइप करायला लागला. कुणी मागे वळून पाहिलं नाही. मंगळवारीही नाही. हामने दुसऱ्या दिवशी जाता जाता मान किंचित झुकवली, तेवढंच. बोंगसाहेब दोनदा मागून गेले, थांबले नाहीत. आवाज होता तोवर चाळीस माणसांना रोज सकाळी आठवण व्हायची की इथे एक माणूस बसलाय. कुणी हसायचं, कुणी चिडायचं. आता ते पेला घ्यायला यायचे आणि त्याच्या डोक्यावर जेवणाच्या गप्पा मारायचे. एका मुलीने त्याच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ओला पेला ठेवला आणि विसरून गेली. प्यो पाण्याचं ते वर्तुळ सुकेपर्यंत बघत बसला. लिहिताना आपण एक अख्खं प्रकरण गाळलं, हे त्याच्या ध्यानात आलं आणि कुठलं ते आठवेना.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी तो आपणहून उठला आणि बोंगसाहेबांच्या खोलीत गेला.

“कुठे सही करायची?”

बोंग गडबडून उभेच राहिले. त्यांनी खणातून कागद काढला. “प्योसाहेब, माझ्याविषयी मनात काही... वरून आलं होतं हे. मला वैयक्तिक...”

“पेन द्या,” प्यो म्हणाला.

वकील फोनवर ओरडला. “पाच महिने काढलेत! अजून थोडं थांबायचं होतं. केस हातात होती आपल्या!” प्यो म्हणाला, “हो, बरोबर आहे तुमचं.” मिरान ओरडली नाही. तिने भांडी घासता घासता एवढंच विचारलं, “आता उद्यापासून सकाळी डबा नको ना?” आणि नळ मोठा सोडला.

सप्टेंबरपासून तो एका मोठ्या वसाहतीत रखवालदार झाला. पार्सलं उतरवून घ्यायची, गाड्या अडवायच्या, कचऱ्यातला पुठ्ठा आणि प्लास्टिक वेगळं करायचं. कंपनीत कधीकाळी त्याच्या हाताखाली शिकून गेलेल्या एका माणसाची आई तिथेच आठव्या मजल्यावर राहायची. ती त्याला पहिल्या दिवसापासून “अरे रखवालदार” म्हणायची, कारण तिला तो कोण हे माहीत नव्हतं. त्यानेही सांगितलं नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस, दुपारी, तो पुठ्ठे बांधत असताना हामचा फोन आला.

“साहेब, मी हाम.”

“बोल.”

मागे माणसांचा गलबला होता. हाम बहुधा रस्त्यावर उभा होता.

“मी राजीनामा दिला नाही. मला बसवलंय. पाण्याच्या मशीनजवळ. आज तिसरा दिवस.”

प्योने हातातली सुतळी खाली ठेवली. हामवर ही वेळ आली तर आपल्याला बरं वाटेल असं त्याला कधीतरी वाटलं होतं. बरं वाटलं नाही.

“दुपारनंतर कंबर धरते,” तो म्हणाला. “पाय जमिनीवर सपाट ठेव. जेवायला बाहेर जा, कँटीनमध्ये जाऊ नकोस. आणि बायकोला आजच सांग. मी उशिरा सांगितलं.”

“साहेब, माझ्यावर राग आहे?”

“आहे.”

“हं.”

“रविवारी घरी ये. मिरान शेवया करेल. बायकोला, मुलांना घेऊन ये.”

हाम येतो म्हणाला. रविवारी मिरानने सकाळपासून शिंपल्यांचा रस्सा उकळत ठेवला आणि कणीक लाटून सुरीने जाड शेवया कापल्या, सहा जणांना पुरतील एवढ्या. दोन वाजेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. फोन लावला तर लागला नाही. मग दोघं जेवायला बसले. शेवया भिजून फुगल्या होत्या. उरलेल्या त्यांनी सोमवारीही खाल्ल्या.